समुद्रातलं तेल, शेजाऱ्यांचे कायदे आणि कोरड्या विहिरीचा खर्च

खारवारा (धागाकर्ता)

बांगलादेशने मार्च २०२४ मध्ये बंगालच्या उपसागरातले २४ ब्लॉक (तेल-गॅस शोधण्यासाठी आखलेले समुद्राचे तुकडे) लिलावाला काढले. ९ उथळ पाण्यातले, १५ खोल पाण्यातले. कंपन्या याव्यात म्हणून आदल्याच वर्षी नमुना करार नव्याने लिहिला होता. त्यात गॅसचा दर ब्रेंट या जगभर भाव ठरवायला वापरल्या जाणाऱ्या कच्च्या तेलाच्या दराच्या १० टक्क्यांशी बांधून दिला, म्हणजे ब्रेंट पिंपाला ८० डॉलर असेल तर हजार घनफूट गॅसला ८ डॉलर. सात कंपन्यांनी कागदपत्रं विकत घेतली. सप्टेंबरची मुदत डिसेंबरपर्यंत वाढवली. मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती.

आणि हाच तो समुद्र, ज्यासाठी ढाक्याने दोन्ही शेजाऱ्यांना आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढे उभं केलं होतं. म्यानमारबरोबरच्या हद्दीचा निकाल मार्च २०१२ मध्ये हॅम्बुर्गच्या समुद्र कायदा न्यायाधिकरणाने दिला. भारताबरोबरच्या हद्दीचा निकाल हेगमधल्या लवादाने ७ जुलै २०१४ ला दिला आणि २५,६०२ चौरस किलोमीटर वादग्रस्त समुद्रापैकी १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशच्या पदरात टाकला. तिथे तेव्हा केवढा जल्लोष झाला होता! आज त्या समुद्रातून घनफूटभरही गॅस येत नाही. त्यांचं समुद्रातलं एकमेव गॅसक्षेत्र सांगू, तेही २०१३ मध्ये बंद पडलं.

हे वाचल्यापासून आपल्या शेजाऱ्यांचे समुद्रातल्या तेलाचे कायदे जमेल तसे वाचतोय. मराठीत यावर फारसं लिहिलेलं दिसत नाही, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी पाया. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, देशाचा प्रादेशिक समुद्र. त्यापुढे २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. तळाखालच्या तेलावरचा हक्क सागरमग्न खंडभूमीच्या (किनाऱ्यापासून पाण्याखाली पसरलेल्या जमिनीच्या) नियमाने मिळतो आणि तो मिळवायला तिथे काही बांधावं किंवा ताबा घ्यावा लागत नाही. तिथून पुढे कोणाला खणू द्यायचं, कोणत्या अटींवर, हे प्रत्येक देशाचा स्वतःचा कायदा ठरवतो.

अटींच्या पद्धती मुख्यतः दोन. एकीत कंपनी आधी आपला खर्च वसूल करते, मग उरलेला नफा सरकारबरोबर वाटून घेते. समजा एका क्षेत्राचं उत्पन्न १०० रुपये. खर्चापोटी ६० पर्यंत वळते करायची मुभा, उरलेल्या ४० ची निम्मी निम्मी वाटणी. सरकारला २० मिळाले. आता खर्च ४० च दाखवला गेला तर सरकारचे ३० होतात. म्हणजे सरकारचं उत्पन्न कंपनीच्या हिशेबाच्या वहीवर अवलंबून. दुसऱ्या पद्धतीत १०० मधले ठरलेले २५ किंवा ३० सरकार आधीच उचलतं, खर्च किती झाला ते कंपनीने बघावं.

भारताने नव्वदच्या दशकापासून पहिली पद्धत वापरली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी६ ब्लॉकचा विकास आराखडा २००४ मध्ये २.३९ अब्ज डॉलरचा होता, २००६ मध्ये तो ८.८ अब्जांवर गेला. महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. शेवटी २०१६ मध्ये नवं धोरण आलं आणि आपण दुसऱ्या पद्धतीकडे, म्हणजे महसूल वाटणीकडे वळलो. गंमत अशी, की खर्च वसुलीच्या कराराची मूळ भूमी इंडोनेशिया, जिथे १९६६ पासून हे करार होत आले, त्यांनीही २०१७ मध्ये ढोबळ वाटणी, म्हणजे खर्च वजा न करता एकूण उत्पादनाची वाटणी, सक्तीची केली. कंपन्या बिचकल्या, म्हणून २०२० मध्ये जुनी पद्धत पर्याय म्हणून परत आणली.

आता पाकिस्तान बघा. समुद्रासाठी त्यांचे स्वतंत्र नियम आहेत. गुंतवणूक यावी म्हणून समुद्रातल्या उत्पादनावर पहिली चार वर्षं रॉयल्टी नाही, मग ती पायरीपायरीने साडेबारा टक्क्यांवर जाते. कागदावर उदार. २०१९ मध्ये कराचीपासून २८० किलोमीटरवर केकरा-१ ही विहीर खणली गेली. एक्झॉनमोबिल, एनी आणि दोन पाकिस्तानी सरकारी कंपन्या, चौघांचा पाव पाव हिस्सा. साडेपाच हजार मीटरवर खोल गेले, दहा कोटी डॉलरवर खर्च झाला. खुद्द पंतप्रधान इम्रान खान यांनी मोठ्या साठ्याची आशा बोलून दाखवली होती. मे महिन्यात जाहीर झालं, विहीर कोरडी. त्यानंतर त्यांनी ४० ब्लॉक लिलावाला काढले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये २३ साठी बोली आल्या. बांगलादेशला शून्य, पाकिस्तानला २३! पण बोली लावणारे कोण? बहुतेक त्यांच्याच घरच्या कंपन्या, त्यात सरकारी आघाडीवर, जोडीला तुर्कस्तानची सरकारी कंपनी.

यावरून माझं एक मत पक्कं झालंय. असा कायदा वाचताना लोक आधी सरकारचा वाटा किती टक्के ते बघतात. मी आधी बघतो, विहीर कोरडी निघाली तर पैसे कोणाच्या खिशातून जातात, आणि तेल लागलं तर तोच करार वीस वर्षं टिकेल याची हमी कोण देतं. ढाक्याने टक्केवारी सुधारली, या दोन प्रश्नांना हात घातला नाही. लिलाव चालू असतानाच ऑगस्टमध्ये तिथलं सरकार पडलं, तो भाग वेगळा. पण कोनोकोफिलिप्स ही अमेरिकी कंपनी तिथले खोल समुद्रातले दोन ब्लॉक सोडून गेली ती गॅसच्या दरावरूनच, आणि तेव्हा सरकार स्थिर होतं.

म्यानमार आणि श्रीलंकेबद्दल प्रतिसादांत लिहितो, नाहीतर धागा फार लांबेल.

ओहोटी

उत्तम धागा. मी वकिली करते, तेलाची नाही, पण घटनात्मक बाजू जोडते. वर तुम्ही "देशाचा हक्क" म्हणालात. देशातला कोणाचा? हा प्रश्न प्रत्येक शेजाऱ्याने वेगळा सोडवलाय.

आपल्याकडे घटनेचं कलम २९७. प्रादेशिक समुद्र, खंडभूमी आणि आर्थिक क्षेत्रातली सगळी खनिजं केंद्राची. म्हणून जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी आसाम, गुजरात, राजस्थान या राज्यांना मिळते, समुद्रातल्या तेलाची केंद्राला.

पाकिस्तानने २०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीत कलम १७२ मध्ये एक पोटकलम घातलं. प्रांतातलं आणि प्रांताला लागून असलेल्या प्रादेशिक समुद्रातलं तेल आणि वायू आता प्रांत आणि केंद्र यांच्या संयुक्त आणि समान मालकीचे. त्यापलीकडची खंडभूमी मात्र केंद्राकडेच.

इंडोनेशियात आचेच्या बंडखोरांबरोबर २००५ मध्ये हेलसिंकीला समझोता झाला. त्यात लिहिलंय, की आचे आणि भोवतालच्या प्रादेशिक समुद्रातल्या तेल-वायूच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा आचेचा. तीस वर्षांच्या रक्तपाताच्या मुळाशी तिथला गॅस आणि त्याचे पैसे जाकार्ताला जाणं हेही एक कारण होतं.

शिकाऊ

ओहोटीताई, मग पाकिस्तानसारखं कलम आपल्याकडे असतं तर बॉम्बे हायची निम्मी रॉयल्टी महाराष्ट्राला मिळाली असती का? दर निवडणुकीत कोणी ना कोणी हा मुद्दा काढतं.

ओहोटी

नाही. अंतर बघ. बॉम्बे हाय मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर. प्रादेशिक समुद्र २२ किलोमीटरला संपतो. पाकिस्तानच्या कलमानेही ते तेल केंद्राचंच ठरलं असतं. महाराष्ट्राने मागायचंच तर वेगळ्या आधारावर मागावं लागेल: पुरवठ्याचा तळ, बंदर, पाईपलाईन, शुद्धीकरण हे सगळं इथल्या किनाऱ्यावर आहे, अपघात झाला तर तवंग इथे येणार, त्याचा मोबदला म्हणून. ती मागणी मला न्याय्य वाटते. पण मालकीच्या नावाने केली तर पहिल्याच सुनावणीत पडेल.

तांडेल

तवंगाचं नाव निघालंच आहे तर लिहितो. आमचं घराणं मासेमारीचं. वरच्या सगळ्या प्रतिसादांत सरकार आहे, कंपनी आहे, प्रांत आहे. समुद्रात रोज जाणारा माणूस कुठेच नाही, आणि कायद्यांतही तो नाही.

सर्वेक्षणाचं जहाज येतं तेव्हा त्याच्या मागे कित्येक किलोमीटर लांब केबली ओढल्या जातात. हवेच्या बंदुकांचे धमाके दर काही सेकंदांनी, दिवसरात्र. जहाजाला चटकन वळता येत नाही, म्हणून पुढे एक रखवालीची बोट असते, ती वायरलेसवर सांगते बाजूला व्हा. आमचं जाळं तासभर आधी टाकलेलं असतं. ते ओढून घ्यायला वेळ लागतो. घेतलं नाही तर केबलीत अडकून तुटतं आणि भरपाई मागायला कोणाकडे जायचं ते कोणी सांगत नाही. आमच्याकडे असं झालंय. तक्रार केली, कागद या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरला आणि विषय संपला.

त्यात जानेवारी २०२० ला केंद्राने पर्यावरण परवानगीच्या अधिसूचनेत बदल केला. शोधासाठीचं खोदकाम 'अ' गटातून काढून 'ब-२' मध्ये टाकलं. परिणाम असा, की शोधविहिरीसाठी ना पूर्ण पर्यावरण अहवाल लागत, ना जनसुनावणी. उत्पादनाच्या टप्प्यावर लागते, पण तोपर्यंत सगळं ठरलेलं असतं. कन्याकुमारी आणि कोल्लमकडचे मच्छीमार खोल समुद्रातल्या नव्या ब्लॉकना विरोध करतायत तो उगाच नाही. त्यांना कोणी विचारलंच नाही.

खारवारा

तांडेलभाऊ, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा आहे. नॉर्वे आपला शेजारी नाही, तरी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्यांच्या १९९६ च्या पेट्रोलियम कायद्यात एक अख्खं प्रकरण फक्त मच्छीमारांच्या भरपाईचं आहे. मासेमारीची जागा अडवली तर भरपाई, प्रदूषणाने नुकसान झालं तर भरपाई. सर्वेक्षणाच्या जहाजावर मासेमारीचा जाणकार माणूस नेमायची अटही आहे. अशी दोन पानं आपल्या कायद्यात घालायला काय हरकत होती? २०२५ मध्ये आपण १९४८ चा तेलक्षेत्र कायदा दुरुस्त केला. खाणकामापासून तेलाला वेगळं काढलं, 'पेट्रोलियम पट्टा' आणला, तुरुंगवासाची तरतूद काढून २५ लाखांपर्यंतचा दंड आणि उल्लंघन चालू राहिलं तर दिवसाला १० लाखांपर्यंत, असं केलं. पट्ट्याच्या अटी मध्येच बदलणार नाहीत याची हमी कंपन्यांना दिली. ती द्यायलाच हवी होती, मी तिच्या बाजूचा आहे. पण त्याच दुरुस्तीत मच्छीमारालाही हमी देता आली असती.

खोलविहीर

मी निवृत्त आहे. बरीच वर्षं रिगवर मडलॉगिंग (वर येणारा खडक तपासून नोंदी ठेवणं) केलं, देशात आणि बाहेर. कोरड्या विहिरीबद्दल थोडं लिहितो, कारण ती म्हणजे निव्वळ बुडीत खर्च असा समज इथे होतोय.

विहीर खणताना बिटने, म्हणजे खणणाऱ्या टोकाने, फोडलेला खडकाचा चुरा विहिरीत सोडलेल्या चिखलाबरोबर वर येतो. चाळणीवर तो वेगळा होतो. आम्ही ठराविक खोलीला मूठभर चुरा उचलायचो, धुवायचो, पसरट ताटलीत घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. मग दिवे घालवून अतिनील दिव्याच्या पेटीत ती ताटली सरकवायची. तेलाचा अंश असेल तर कण पिवळसर किंवा निळसर पांढरे चमकतात. चमकलं म्हणून लगेच ओरडायचं नाही, कारण कॅल्साइटही चमकतं, पाईपच्या आट्यांना लावलेलं ग्रीसही चमकतं. म्हणून त्या कणावर द्रावकाचा एक थेंब सोडायचा. तेल असेल तर चमक कणातून सुटून द्रावकात पसरत जाते. ग्रीस असेल तर पृष्ठभागावरूनच सुटून येतं, कणाच्या पोटातून येत नाही. हे ओळखायला नजर बसावी लागते.

विहीर कोरडी निघाली तरी हे सगळं लिहून ठेवलेलं असतं. कोणत्या खोलीला कोणता खडक, किती सच्छिद्र, दाब किती, तापमान किती. मग सिमेंटच्या डाट्या बसवून विहीर बंद करतात. विहीर बंद होते, वही उरते. आणि ती वही कायद्याने सरकारची. भारताने २०१७ मध्ये राष्ट्रीय विदागार, म्हणजे अशा माहितीचं भांडार, उभं केलं ते यासाठीच, की पुढच्या माणसाने जुन्या वह्या बघून बोली लावावी.

खारवारा, तुमचा पहिला प्रश्न बरोबर आहे, पण मी तो असा विचारेन: कोरड्या विहिरीची माहिती पुढच्याला मिळते का? बांगलादेशच्या खोल समुद्राची धड पाहणी व्हायलाच २०२३ उजाडलं. तोवर हद्द जिंकून नऊ वर्षं झाली होती. ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडिया या आपल्या कंपन्यांनी तिथे उथळ पाण्यातले दोन ब्लॉक २०१४ मध्ये घेतले, २०२१ मध्ये कांचन-१ खणली, कोरडी निघाली. अशा पाच-दहा विहिरी झाल्याशिवाय कोणत्याही खोऱ्याचा अंदाज येत नाही.

शिकाऊ

काका, मग त्या पाच-दहा विहिरींचा खर्च सरकारनेच का करू नये? खाजगी कंपनी तोट्यासाठी थोडीच येणार?

खोलविहीर

करावा, आणि आपण केलाय. बॉम्बे हाय फेब्रुवारी १९७४ मध्ये सापडलं ते सागर सम्राट या सरकारी रिगने, सरकारी पैशावर. मे १९७६ ला तेल यायला लागलं. तेव्हा बोली, वाटणी, नमुना करार यांतलं काही नव्हतं.

खारवारा

मान्य, पण १९७४ ची ओएनजीसी आणि आजची श्रीलंका किंवा बांगलादेश यांची तिजोरी सारखी नाही. नॉर्वेत तेलकंपनीवर ७८ टक्के कर आहे आणि शोधाच्या खर्चाचा तेवढाच भाग करातून परत मिळतो. म्हणजे कोरड्या विहिरीचे ७८ टक्के तिथे सरकारच सोसतं. श्रीमंत देशाला ते झेपतं. परकीय चलन संपत आलेल्या देशाने दहा कोटी डॉलर समुद्रात घालायचे म्हणजे तेवढ्याचं खत किंवा औषध आणायचं नाही असा निर्णय असतो. पाकिस्तानच्या त्या २३ बोलींबद्दल मला काळजी वाटते ती यासाठी. कंपन्या सरकारी, म्हणजे जोखीम जनतेचीच. फक्त अर्थसंकल्पात दिसत नाही.

आता म्यानमार. तिथली गोष्ट बाकी सगळ्यांच्या उलट: गॅस भरपूर सापडला. यादाना, येतागुन, श्वे, झोटिका अशी चार मोठी समुद्री क्षेत्रं. यादानाचा गॅस १९९८ पासून मुख्यतः थायलंडला, श्वेचा २०१३ पासून चीनला. कायदे ब्रिटिशांच्या काळातले आणि पन्नाशीच्या दशकातले, खरा कायदा म्हणजे सरकारी तेलकंपनीबरोबरचा करार. संसदेपुढे ठेवायचा नाही, लोकांना दाखवायचा नाही.

श्वेबद्दल प्रत्येक भारतीयाला हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे. जानेवारी २००४ मध्ये ते सापडलं. त्यात ओएनजीसी विदेशचा १७ टक्के आणि गेलचा साडेआठ टक्के हिस्सा, म्हणजे चौथाईहून जास्त भारतीय सरकारी कंपन्यांचा. जानेवारी २००५ मध्ये यांगूनला भारत, बांगलादेश आणि म्यानमारचे मंत्री बसले, गॅस बांगलादेशमार्गे पाईपने भारतात आणायचं तत्त्वतः ठरलं. ढाक्याच्या अटी होत्या, नेपाळ-भूतानशी व्यापाराला वाट वगैरे. दिल्लीने त्या मानल्या नाहीत. घासाघीस चालली आणि मधल्या मध्ये चीनने गॅस नेला. आज आपल्या कंपन्या नफ्यातला वाटा घेतात, गॅस म्यानमारच्या किनाऱ्यावरच्या क्याउकप्यूहून चीनमधल्या कुनमिंगला जातो.

आणि म्यानमारच्या लोकांना काय मिळालं? फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तर तो पैसा सरळ लष्कराच्या हाती. टोटल ही फ्रेंच तेलकंपनी २०२२ मध्ये बाहेर पडली, अमेरिकेची शेव्हरॉन २०२४ मध्ये. युरोपीय संघाने तिथल्या सरकारी तेलकंपनीवर निर्बंध घातले. यांगूनमध्ये वीज तासन् तास जाते आणि त्याच देशाचा गॅस शेजारच्या दोन देशांत दिवे लावतो. अशा देशाच्या करारात टक्केवारी कितीही चांगली असो, ती कोणाच्या खात्यात जाते ते लिहिलेलं नसेल तर तिला अर्थ नाही.

तांडेल

श्वेच्या वेळी आराकानच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या जागा गेल्या, तेही लिहा.

खारवारा

हो, लिहायला हवंच. पाईपलाईन आणि बंदरापायी तिथे जमिनी आणि मासेमारीच्या जागा गेल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत्या.

निळाशार

एक वेगळं मत मांडतो. तुम्ही सगळे करारात दोष शोधताय. मला वाटतं काळच बदललाय. मोठ्या कंपन्या नव्या, न तपासलेल्या खोऱ्यांत पैसे घालायला आता मागत नाहीत. खोल समुद्रात सापडल्यापासून गॅस घरी यायला दहा वर्षं लागतात आणि दहा वर्षांनी मागणी काय असेल ते कोणी सांगत नाही. श्रीलंका बघा. मन्नारच्या खाडीत केर्न या तेलकंपनीने २०११ मध्ये पहिल्याच विहिरीत गॅस शोधला, १३०० मीटरपेक्षा खोल पाण्यात. लगेच दुसऱ्या विहिरीतही लागला. आणि २०१५ मध्ये कंपनी ब्लॉक सोडून गेली. गॅस अजून तळाखालीच आहे. २०२१ मध्ये त्यांनी नवा पेट्रोलियम साधनसंपत्ती कायदा केला, स्वतंत्र प्राधिकरण नेमलं. तरी काय झालं?

खोलविहीर

काळ बदललाय हे अर्धंच खरं. सुमात्राच्या उत्तरेला अंदमान समुद्रात डिसेंबर २०२३ मध्ये लायारान-१ या विहिरीला केवढा गॅस लागला! सहा लाख कोटी घनफुटांवर, तोही खोल पाण्यात. अबुधाबीची मुबादला तिथे पैसे घालतेच आहे. आपण सप्टेंबर २०२५ मध्ये अंदमानच्या पूर्व किनाऱ्यापासून १७ किलोमीटरवर विजयपुरम-२ मध्ये गॅस लागल्याचं जाहीर केलं. साठा किती ते मोजणं पुढचं काम. पण तिथे इंडोनेशियाने दोन पद्धतींतली हवी ती निवडायची मुभा दिलीय हे विसरू नका. मन्नारमध्ये गॅस विकायचा कोणाला, हाच प्रश्न सुटला नव्हता. श्रीलंकेत गॅसचं जाळंच नाही.

निळाशार

म्हणजे गिऱ्हाईक नाही म्हणून गॅस पडून. मग पलीकडे तमिळनाडूत गिऱ्हाईक आहे की.

ओहोटी

आहे, आणि त्यासाठीची वाट पन्नास वर्षांपूर्वीच कागदावर ठेवलेली आहे. १९७४ चा भारत-श्रीलंका सागरी हद्द करार कच्चथीवू बेटामुळे सगळ्यांना माहीत असतो. त्याचं सातवं कलम फारसं कोणी वाचत नाही. तेलाची किंवा वायूची एकच भूगर्भीय रचना हद्दीच्या दोन्ही बाजूंना पसरली असेल आणि एका बाजूने उपसता येत असेल, तर दोन्ही देशांनी ती कशी उपसायची आणि पैसे कसे वाटायचे यावर समझोता करायचा प्रयत्न करावा, असं त्यात म्हटलंय. १९७६ चा मन्नारच्या खाडीचा करार झाला त्यातही तसंच कलम आहे.

आता अडचण. "समझोता करायचा प्रयत्न करावा", एवढंच. प्रयत्न फसला तर काय, वाटणी कोणत्या सूत्राने, मधल्या काळात एकाने उपसायला सुरुवात केली तर थांबवायचं कोणी, यातलं काही नाही. घरच्या घरीच आपण याचा अनुभव घेतलाय. कृष्णा-गोदावरीत ओएनजीसीच्या ब्लॉकमधला गॅस शेजारच्या रिलायन्सच्या ब्लॉकमध्ये सरकला, त्यावरून २०१६ मध्ये शहा समितीचा अहवाल, २०१८ मध्ये लवादाचा निकाल कंपनीच्या बाजूने, २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी तो कायम केला, फेब्रुवारी २०२५ मध्ये खंडपीठाने रद्द केला. एका देशात, एका कायद्याखाली, एवढी वर्षं. दोन देशांत काय होईल?

याला चांगलं उदाहरण मलेशिया-थायलंडचं. हद्दीचा वाद सुटत नव्हता. १९७९ मध्ये त्यांनी ठरवलं, वाद तसाच राहू दे, वादग्रस्त सुमारे ७,२५० चौरस किलोमीटर समुद्र एका संयुक्त प्राधिकरणाकडे द्यायचा आणि खर्च, नफा निम्मा निम्मा. करार पूर्ण व्हायला १९९० उजाडलं, पण आज तिथून दोघांना गॅस मिळतो. पाकिस्तानबरोबरचा सर क्रीकच्या हद्दीचा वाद सुटेपर्यंत कच्छच्या पश्चिमेला असं काही व्हावं ही माझी मनापासून इच्छा आहे. सध्याच्या संबंधांत ते कठीण आहे हे कळतं.

शिकाऊ

ताई, हेगच्या निकालात 'करडा पट्टा' असं काहीतरी वाचलं होतं. ते काय?

ओहोटी

चांगली आठवण केलीस. हद्दीची रेषा समान अंतरावर न आखता थोडी सरकवली, त्यामुळे एक पट्टा असा उरला जो भारताच्या किनाऱ्यापासून २०० मैलांच्या आत आहे, पण रेषेच्या बांगलादेशच्या बाजूला पडतो. बांगलादेशच्या किनाऱ्यापासून तो २०० मैलांच्या बाहेर. म्हणून तिथे तळ आणि तळाखालचं सगळं बांगलादेशचं, आणि वरचं पाणी, त्यातले मासे, भारताचे. म्यानमारच्या निकालातही असाच पट्टा निघाला होता. अशा जागी दोन्ही देशांनी एकमेकांच्या हक्कांची दखल घेऊन वागावं, व्यवस्था आपसात ठरवावी, असं म्हणून लवादाने ते सोडून दिलं.

तांडेल

म्हणजे उद्या बांगलादेशने तो ब्लॉक दिला आणि कोणी तिथे प्लॅटफॉर्म उभारला, तर भोवतालचा ५०० मीटरचा बंदी घेरा बांगलादेश आखणार आणि त्या पाण्यात मासे धरायचा हक्क भारतीयाचा?

ओहोटी

बरोबर तसंच. समुद्र कायद्याने सुरक्षेचा घेरा आखायचा अधिकार तळाच्या मालकाचा. आणि तिथे जाळं तुटलं तर दावा कोणत्या देशाच्या न्यायालयात लावायचा, याचं उत्तर ढाक्याच्या नमुना करारात मला मिळालेलं नाही आणि आपल्या २०२५ च्या दुरुस्तीतही नाही.

खारवारा

तो नमुना करार आता पुन्हा सुधारायचं तिथे चाललंय. माझ्या मते दर आणि टक्केवारीच्या आधी त्यांनी तीन कलमं घालावीत: सर्वेक्षणाची माहिती ठराविक वर्षांनी सर्वांना खुली, खोल समुद्रातून किनाऱ्यापर्यंतच्या पाईपचा खर्च कोणी करायचा ते स्पष्ट, आणि करड्या पट्ट्यात परवाना देण्याआधी दिल्लीशी मासेमारीच्या भरपाईचा लेखी करार. तिसरं कलम आपणही आपल्या बाजूने मागायला हवं. तांडेलभाऊ, तुमच्याकडच्या सोसायट्यांनी तुटलेल्या जाळ्यांच्या नोंदी ठेवल्या असतील, तर मत्स्यव्यवसाय खात्याकडे त्या एकत्र देता येतील. निवेदनाचा मसुदा ओहोटीताईंनी बघून दिला तर मी लिहायला घेतो.

ओहोटी

बघते. नोंदीत तारीख, अक्षांश-रेखांश आणि जहाजाचं नाव असेल तरच त्यांचा उपयोग होईल.

तांडेल

जीपीएसचे अक्षांश-रेखांश आहेत. जहाजांची नावं काहींचीच मिळतील. रविवारी सोसायटीची बैठक आहे, तिथे विषय घेतो.